पटाशी एक, दगड अनेक

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जाऊन आयुष्यातली पहिली पटाशी विकत घेणाऱ्याला एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. नव्या पटाशीला धार नसते. मूठ गुळगुळीत असते, पात्यावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, टोकाला प्लास्टिकची टोपीही घातलेली असते; त्यामुळे आत काहीतरी भयंकर असणार असा समज होतो. टोपी काढून लाकडावर टेकवली की कळतं, कारखान्यातून आलेली ती कड लाकूड कापण्यासाठी नसते, धार कुठं लावायची आहे तेवढं दाखवण्यासाठी असते. परत जाऊन दुकानदाराला विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, "साहेब, धार तुम्हाला लावायची." आणि साधं स्टूल बनवायला निघालेला माणूस तिथून जो भरकटतो, तो पुढं कित्येक महिने स्टुलाकडे फिरकत नाही.

हा माणूस बहुधा चाळिशी ओलांडलेला, दिवसभर संगणकापुढे बसणारा आणि हातानं काहीतरी खरंखुरं करावं अशी हुक्की आलेला असतो. कधी कधी ती निवृत्त बँक अधिकारी असलेली बाई असते, आणि मग हिशेब तरी नीट ठेवला जातो. दोघांचाही पहिला प्रश्न एकच: धार लावायला घ्यायचं काय?

मुळात धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथं मिळतात ती रेषा. पटाशीची एक बाजू उतरती असते, साधारण २५ अंशांत. दुसरी म्हणजे पाठ, ती सपाट. या दोन्ही जितक्या गुळगुळीत, तितकी मधली रेषा बारीक. उतार दगडावर घासत गेलं की पोलादाची केसाहून पातळ पापुद्री कडेवरून पाठीकडे वळते. बोट फिरवल्यावर ती जाणवली की समजायचं, घासणं कडेपर्यंत पोचलं. मग त्याहून बारीक दगडावर तेच, शेवटी ती पापुद्री काढून टाकायची, संपलं. ऐंशी रुपयांचा दगड असो की ऐंशी हजारांचं यंत्र, यापलीकडे कुणीच काही करत नाही.

मग निवड कशाची करायची? तर घाणीची. एका पद्धतीत तेल सांडतं, दुसरीत पाणी, तिसरीत काळी पूड उडते आणि चौथीत पैसे. कुठली घाण आपल्या घरात खपेल एवढाच खरा प्रश्न असतो, पण तो कुणी विचारत नाही. विचारतात ते क्रमांक.

तेलाचा पंथ सगळ्यांत जुना आणि आपल्याकडे सगळ्यांत स्वस्त. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूनं जाड आणि दुसऱ्या बाजूनं बारीक असा काळपट जोडदगड मिळतो. तो कार्बोरंडमचा, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा. याच्या जन्माची गोष्ट धार लावणाऱ्याला जरा दिलासा देणारी आहे. १८९१ मध्ये एडवर्ड अचेसन नावाचा अमेरिकन माणूस पेनसिल्व्हेनियात चिकणमाती आणि कोळसा लोखंडी भांड्यात घालून त्यातून विजेचा प्रवाह सोडत होता. हवा होता कृत्रिम हिरा. मिळाले ते भलतेच चमकदार खडे. हिरे नव्हते, पण काच ओरबाडण्याइतके कठीण होते. सुरुवातीला ही पूड रत्नं घासणाऱ्यांना चक्क कॅरटच्या भावानं विकली गेली. आज तीच पूड दाबून केलेला दगड आपल्याला दोन-तीनशे रुपयांत पडतो आणि तरीही आपण विचारतो, "जरा कमी होईल का?"

या पंथात आपल्या हौशी माणसाचा स्वदेशाभिमानही अडचणीत येतो. परदेशी पुस्तकांतून त्याला कळतं की तेलाच्या दगडांत 'इंडिया' नावाचा नारिंगी-तपकिरी दगड उत्तम. तो नॉर्टन कंपनीचा, आणि नॉर्टन मूळची मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावची. म्हणजे 'इंडिया' इंडियात मागवायचा तर अमेरिकेहून. इकडे उरणजवळच्या मोऱ्याला ग्राइंडवेल १९४१ पासून घासायची चाकं बनवते आहे आणि पुढं त्याच नॉर्टनशी तिचं नातं जुळून ग्राइंडवेल नॉर्टन झालं, हे त्याला फार उशिरा कळतं. तोवर पार्सल कस्टममध्ये पोचलेलं असतं.

मग प्रश्न तेलाचा. दगडावर तेल घालायचं ते घासलेली पोलादाची पूड तरंगून वर यावी आणि दगडाची छिद्रं बुजू नयेत म्हणून. शिलाई मशीनचं तेल त्याला अगदी योग्य. पण घरात हाताशी असतं खोबरेल. ते पुण्यात डिसेंबरच्या सकाळी दगडावरच गोठतं, कारण पंचवीसेक अंशांखाली ते घट्ट होऊ लागतं. जवसाचं तेल तर वाळून दगडावर कायमचा थर चढवतं. जुने सुतार घासलेट वापरायचे. ते उत्तम चालतं, फक्त नंतर दोन दिवस घरातल्या चहालाही त्याचा वास येतो.

पाण्याचा पंथ जपानी आणि अतिशय सोवळा. हे दगड वापरण्याआधी काही भिजत घालायचे असतात, काहींवर फक्त पाणी शिंपडायचं असतं, आणि शिंपडायचे ते भिजवले तर तडकण्याची भीती. ते झपाट्यानं कापतात, कारण वरचे बोथट कण सुटून निघून जातात आणि खालचे ताजे वर येतात. सुटलेले कण पाण्यात मिसळून जो चिखल होतो, तोच पोलाद घासतो. त्यामुळे तो धुऊन टाकायचा नाही, जपायचा. आता हे दृश्य दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणा. स्वयंपाकघरातल्या सिंकवर फळी आडवी टाकलेली, फळीवर दगड, दगडावर राखाडी चिखल, चिखलात माखलेली दहा बोटं, आणि मागे कुकरची तिसरी शिट्टी झालेली. "झालं का?" या प्रश्नाला "अजून सहा हजारचा राहिलाय" असं उत्तर जगात फक्त याच घरात मिळतं.

सहा हजार म्हणजे रुपये नव्हेत, दगडाचा क्रमांक. आणि या छंदातली सगळ्यांत मोठी फसगत इथं आहे. क्रमांक वाढेल तसे कण बारीक, इथपर्यंत ठीक. पण क्रमांक ठरवणारी मंडळी वेगवेगळी. युरोपीय मोजणीतल्या पी १००० च्या पॉलिश पेपरवर कण सुमारे १८ मायक्रॉनचा असतो. जपानी १००० च्या दगडात तो, जुनं प्रमाण की नवं यावर, ११ ते १६ च्या दरम्यान. आणि अमेरिकन मोजणीतल्या १००० चा कण नऊ-दहा मायक्रॉनवर येतो. म्हणजे ज्यानं अमेरिकन पुस्तक वाचलं, जपानी दगड घेतला आणि युरोपीय मोजणीचा कागद आणला, त्याच्याजवळ तीन वेगवेगळे हजार असतात. मायक्रॉन बघा असं सांगणारे शहाणे असतात, पण मायक्रॉन सांगून कुणावर छाप पडत नाही. "माझ्याकडे आठ हजारचा आहे" म्हणण्यात जो रुबाब आहे तो "माझ्याकडे दीड मायक्रॉनचा आहे" यात कुठून येणार?

शिवाय पाण्याचा दगड झिजतो. पटाशी मधोमध फिरते, म्हणून मधोमध खड्डा पडतो, आणि खड्डा पडलेल्या दगडावर सपाट पाठ सपाट राहत नाही. तेव्हा दगड सपाट करायला आणखी एक दगड लागतो. तो दुसरा दगड सपाट आहे कशावरून? या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत निबंध वाचून दिलं होतं. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले तर एक फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट होऊनही ते नीट जुळतात. तिसरा घ्यावा आणि तिन्ही आलटून पालटून एकमेकांशी जुळवावेत, तेव्हा कुठं तिघांनाही सपाट होण्यावाचून गत्यंतर उरत नाही. व्हिटवर्थचा हेतू यंत्रं अचूक बनवण्याचा होता. आपल्या हौशी माणसानं त्यातून सोयीचा तेवढा अर्थ काढला: कमीत कमी तीन दगड घ्यायला विज्ञानाचा आधार आहे.

इथं हिरा येतो. पोलादी पट्टीवर निकेलच्या थरात कृत्रिम हिऱ्याचे कण बसवलेले असतात. पट्टी झिजून खोलगट होत नाही, भिजवायला नको, थोडं पाणी शिंपडलं की झालं. अचेसनला जो हिरा बनवायचा होता तो बनल्याचं जनरल इलेक्ट्रिकनं जाहीर करायला १९५५ उजाडलं, आणि आता तो आपल्या गॅलरीत पटाशी घासतो. नवी पट्टी आधी फार खरखरीत लागते आणि थोड्या वापरानं निवळते. निवळली की हिरे गळून गेले अशी बोंब मारत लोक ती परत करायला धावतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्यावी, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. पण हा लेख तेवढ्यावर थांबवणं संपादकांना चाललं नसतं, आणि एकाच गोष्टीवर थांबणं हौशी माणसाला तर मुळीच चालत नाही.

स्वस्तात सुटायचं म्हणून काही जण कागदाकडे वळतात. जाड काच घ्यायची, तिच्यावर पाण्यात चालणारे पॉलिश पेपर एकाशेजारी एक चिकटवायचे आणि जाडाकडून बारीककडे पटाशी ओढत न्यायची. १९९५ च्या सुमारास एका अमेरिकन हौशी सुतारानं ही युक्ती इतक्या उत्साहानं मांडली की तिला 'भीती वाटावी इतकी धार' असंच नाव पडलं. काच फुटक्या टीपॉयची मिळते आणि कागद पंधरा-वीस रुपयांना, त्यामुळे पहिल्या महिन्यात हा माणूस सगळ्यांना आपण किती वाचवले ते सांगत सुटतो. पण कागद फाटतात, मध्ये फुगतात, पटाशी पुढे ढकलली की थेट चिरतात. वर्षभरानं कागदाचा खर्च हिऱ्याच्या पट्टीला मागे टाकतो. तोवर तो बोलणं थांबवतो, एवढाच काय तो फायदा.

दगड ठरला की कोन. २५ अंशांचा मुख्य उतार आणि टोकाला ३० अंशांची अगदी अरुंद दुसरी कड, हा सर्वमान्य तोडगा. पण ३० अंश हातानं धरायचे कसे? त्यासाठी दोन जबड्यांत पटाशी पकडून खालच्या चाकावर फिरणारं गाइड मिळतं. शेफील्डच्या 'एक्लिप्स'चं गाइड इतकं प्रसिद्ध की आजही त्याच्या नकला बाजारात सगळीकडे आहेत. त्यात रंध्याचं पातं ३८ मिलिमीटर बाहेर काढलं की ३० अंश, ५० काढलं की २५. पटाशी खालच्या खाचेत बसते म्हणून तिचे आकडे वेगळे, ३० आणि ४०. दर वेळी पट्टीनं मोजण्यापेक्षा लाकडाच्या फळीवर योग्य अंतरावर ठोकळे बसवून ठेवावेत, असा सल्ला सगळे देतात. ते ठोकळे नीट कापायला धारदार पटाशी लागते.

गाइडला हसणारा एक वर्ग असतोच. खरा सुतार हातानं धार लावतो, असं हा वर्ग मानतो आणि आपण खरे सुतार नाही हे सोयीनं विसरतो. लंडनच्या जोसेफ मॉक्सननं १६७८ पासून कारागिरांच्या कसबांवर जी पुस्तिका-मालिका काढली, तिच्यात त्यानं बजावलं आहे की दगडावर घासताना हात वर-खाली होऊ देऊ नये, नाहीतर उतार गोल होतो आणि आपल्याला तो सपाट हवा असतो. सव्वातीनशे वर्षांनी पॉल सेलर्स हा इंग्लिश सुतार हिऱ्याच्या तीन पट्ट्या आणि चामड्याचा पट्टा घेऊन उतार मुद्दाम किंचित गोल ठेवायला शिकवतो, आणि त्याची पटाशी लाकूड बिनतक्रार कापते. याच काळात इंग्लिश सुतार डेव्हिड चार्ल्सवर्थ यांनी रंध्याच्या पात्याची अख्खी पाठ चकचकीत करत बसण्यापेक्षा दगडाच्या कडेवर पोलादाची पातळ पट्टी ठेवून पातं तिच्यावर टेकवायची युक्ती प्रचारात आणली. पाठ अर्ध्याएक अंशानं उचलली जाते आणि घासायला टोकाची चिंचोळी कड तेवढी उरते. तासांचं काम मिनिटांवर आणल्याबद्दल त्यांच्यावर जेवढा वाद झाला, तेवढा कुणा आळशी माणसावरही होत नाही.

ज्यांना हात वापरायचेच नसतात ते यंत्रांकडे जातात. साधा बेंच ग्राइंडर आपल्या विजेवर मिनिटाला २,८०० च्या वर फेरे घेतो. सहा इंची चाकाची कड म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरनं धावते, महामार्गावर वेळेत पोचायला निघालेल्या एसटीच्या वेगानं. पटाशीचं टोक तापून निळं पडायला काही क्षण पुरतात. निळा रंग दिसायला फार देखणा असतो, पण तिथलं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास पोचून मऊ पडलेलं असतं आणि तेवढा भाग घासून काढून टाकावा लागतो. याला उतारा म्हणून स्वीडनच्या टोर्गनी यान्सन यांनी १९७३ मध्ये टोर्मेक काढलं. दहा इंची चाक, खाली पाण्याचं भांडं, आणि वेग मिनिटाला फक्त ९० फेरे. हिशेब केला तर कड ताशी चार किलोमीटरनं चालते. सारसबागेत सकाळी आजोबा याहून जलद फिरतात. पातं तापत नाही, चूक व्हायला वाव नाही, आवाज नाही. किंमत ऐकल्यावर मात्र आवाज होतो, कारण त्या पैशात बरी जुनी स्कूटर येते.

या सगळ्यात धंद्यातला सुतार कुठं असतो? तो असतो समोरच्या फ्लॅटमध्ये, प्लायवूड कापत. त्याच्या करवतीला कार्बाइडचे दात असतात, कड साफ करायला ट्रिमर असतो, आणि सनमायकासमोर जगातली कुठलीही हातानं लावलेली धार दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. प्लायवूडमधला सुकलेला गोंद पोलाद खातो. त्याची पटाशी बिजागरीची खाच मारते, वाळलेला फेविकॉल खरवडते आणि वेळ पडली तर रंगाच्या डब्याचं झाकण उघडते. ती बोथट झाली की तो मधोमध खळगा पडलेल्या दगडावर दोन मिनिटं घासतो, नाहीतर बांधकामाच्या पायरीवर. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी प्रत्येक सुताराला रोज लागणारं हे कसब आता मुख्यतः ज्यांना त्याची गरज नाही त्यांच्याकडे उरलं आहे. त्यांनाही सागवानच हवं असतं. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, त्यामुळे इतक्या कष्टानं लावलेली धार साग इतर लाकडांपेक्षा लवकर उतरवतो. छंद चालू राहण्याची ही सोय निसर्गानंच करून ठेवली आहे.

जपानात मात्र हे वेड उघड्या मैदानावर चालतं. तिथं केझुरोकाई नावाचे मेळे भरतात. सुतार एकत्र जमून लांबलचक फळीवर रंधा ओढतात आणि निघालेला ढलपा मायक्रोमीटरनं मोजतात. चांगला ढलपा पाच मायक्रॉनच्या आतबाहेर असतो. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉनचा. त्या ढलप्यातून पलीकडचा परीक्षक दिसतो. त्याचा उपयोग काय, असं तिथं कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याला बहुधा फळी धरायला लावत असावेत.

नारा इथल्या होर्यूजी मंदिराचे सुतार त्सुनेकाझू निशिओका यांची शिस्त याहून कडक. त्यांनी मित्सुओ ओगावा या शिष्याला घेतलं तेव्हा वर्षभर टीव्ही, रेडिओ, वर्तमानपत्र काही बघायचं नाही, फक्त हत्यारांना धार लावायची, असं बजावलं. रंध्याचा एक ढलपा काढून दाखवला आणि असा निघेपर्यंत घासत राहायला सांगितलं. शिकवणी एवढीच. ओगावांनी तो ढलपा खिडकीला चिकटवून ठेवला आणि घासत राहिले. आपल्याकडे या गोष्टीनं भारावून गेलेली मंडळी पुष्कळ आहेत. तीही वर्षभर धारेशिवाय दुसरं काही बघत नाहीत; फक्त ती धार टीव्हीवर बघतात, रोज जेवताना.

एवढं सगळं झाल्यावर एक दिवस धार खरंच लागते. ती लागल्याचं हौशी माणसाच्या डाव्या हातावरून ओळखावं, कारण धार तपासायची सोपी रीत म्हणजे हातावरचे केस कोरडेच काढून बघणं. मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत हात घेऊन तो ऑफिसात जातो. कुणी विचारलं तर खूश होतो, कुणी विचारलं नाही तर बाही आणखी वर करतो.

बातमी मग इमारतीत पसरते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू विळी घेऊन दारात उभ्या राहतात. "तुमच्याकडे म्हणे धार लावायचं सगळं आहे." सगळं असतं. पण विळीचं पातं कमानदार, टोकाला खोवणी, आणि ते पाटाला कायमचं ठोकलेलं. हिऱ्याची पट्टी सपाट, ती कमानीला जेमतेम एका ठिकाणी टेकते. गाइडच्या जबड्यात विळी मावत नाही. पाण्याचे दगड सपाट ठेवण्यात तर अर्धं आयुष्य गेलेलं. गोल कडेचा छोटा दगड अशा कामाला लागतो, आणि नेमका तोच यादीत राहून गेलेला असतो. काकूंना हे जबडे-अंश समजावून सांगायला पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात खालून सायकलवरच्या धारवाल्याची आरोळी येते.

काकू विळी घेऊन खाली उतरतात. हौशी माणूस, आपलंही काही जातं का बघावं म्हणून, पटाशी हातात घेऊनच त्यांच्या मागे जातो. धारवाला सायकल स्टँडवर चढवतो, पायडल मारतो, चाक भिरभिरतं आणि विळीची कमान त्यावरून ठिणग्या उडवत दोन-तीनदा फिरते. काकू अंगठ्यानं धार बघतात आणि पैसे देतात. मग धारवाल्याचं लक्ष पटाशीकडे जातं.

"ती पण द्या साहेब. वीस रुपयांत करून देतो."

साहेब पटाशी पाठीमागे लपवतात आणि विचारतात, "तुमचं चाक किती नंबरचं आहे हो?"